बसलेल्या बाईला हाक मारू नये

या, असे जवळ सरकून बसा. टाळ-मृदंग आज खुंटीवरच राहू द्यात. एरवी रात्री कीर्तनाच्या सुखात आपण काही कमी पडू देत नाही. पण आज एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्या आवाजात सांगायची नव्हे. जव्हार-मोखाड्याच्या मुलखातल्या एका सरकारी दवाखान्यातली आहे. दवाखान्याचं नाव विचारू नका. नाव कळलं की माणूस म्हणतो, "अस्सं, तिथं होय!" आणि सुटल्यासारखा उठून घरी जातो. तुम्ही सुटू नये म्हणून नाव सांगत नाही. गोष्ट मात्र पुरती सांगतो, काही हातचं राखून ठेवत नाही.

रंजना सिस्टरनं डोळे उघडले आणि तिला धक्का बसला तो आवाजाचा नव्हे, आवाज नसल्याचा. भर दुपारची वेळ. या वेळी बाळंतिणींच्या वॉर्डात कसं, चार पोरं एका सुरात रडत असतात, कुणाचा तरी डबा घरंगळत असतो, कुणाच्या नवऱ्याच्या मोबाईलवर लग्नातलं गाणं वाजत असतं. त्यातलं काहीच नव्हतं. पंखा तेवढा कुरकुरत होता. औषधांच्या टेबलाशेजारी स्टुलावर ती बसली होती, डोकं भिंतीला टेकलेलं, आणि तोंडावर वारा येत होता; पण तो पंख्याचा नव्हता, कारण तो थांबून थांबून येत होता, कुणीतरी जीव लावून घातल्यासारखा. समोर ठकी उभी होती. सूर्यमाळकडची म्हातारी, काळीची सासू. सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यानं ती रंजनाला वारा घालत होती. तिच्या मागं सगळ्या खाटांवरच्या बाया श्वास धरून बसल्यासारख्या बसलेल्या. एकीनं रडू येणाऱ्या पोराच्या तोंडात घाईनं छाती दिली होती. दारात डबा घेऊन आलेल्या एका बाप्याला कुणीतरी तोंडावर बोट ठेवून तिथंच थोपवलं होतं आणि तो चपला हातात घेऊन उभा होता. आपल्यासाठी सगळा वॉर्ड गप्प झालाय, हे रंजनाला कळायला एक क्षण लागला. लहानपणी ताप उतरल्यावर जसं हलकं वाटायचं तसं त्या एका क्षणात तिला वाटलं. मग ठकी हसली आणि हळूच म्हणाली, "निज गो बाय, निज. कोनी हाक नाय मारली. काळीबी निजलीय."

शेवटचे दोन शब्द कानात शिरले, आणि मनाच्या आधी रंजनाचं अंग उठलं. काळी पहाटे बाळंत झालेली. मुलगी. सगळं नीट, हसतखेळत. आता तिच्या अंगावर गोधडी गळ्यापर्यंत नीट खोचलेली होती, एखाद्या लेकराला घालावी तशी, आणि तिचा सावळा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता. गोधडी वरून कोरडी, नीटनेटकी. रंजनानं ती बाजूला केली आणि हाताला ऊन ओल लागली. बाळंतपणानंतर गर्भपिशवी कशी कच्च्या कवठासारखी टणक हाताला लागायला हवी; इथं भिजवलेल्या पिठाचा गोळा. ती पोट चोळू लागली, तोंडानं डॉक्टरांना हाका मारू लागली, आणि तिच्या हाकेसरशी अडून राहिलेले सगळे आवाज एकदम वॉर्डात फुटले. पोरं रडली. बाया रडल्या. ठकी पुठ्ठा हातात तसाच धरून विचारत राहिली, "निजली नाय ती? निजली नाय?"

डॉक्टर पलीकडच्या बाळंतखोलीतून धावत आले. कोवळा पोरगा, शिकून बाहेर पडला तो थेट इथंच. आत मंगळी पहिलटकरीण कळा देत होती, तिला टाकून आला. सुई झाली, सलाईन लागली, रक्त वाहणं कमी झालं; पण थांबलं म्हणण्यासारखं नाही. हात चोळायचा थांबला की पिशवी सैल पडायची, आणि सैल पडली की वाहायचं. "रक्त चढवावं लागेल. नाशिकलाच," डॉक्टर म्हणाले, "आणि वाटेत हात काढून चालणार नाही."

"मग मी जाते. पण मंगळीचं?"

"तिला आता हलवता येत नाही. मी आहे ना."

"तुम्ही एकटे."

डॉक्टरांनी वॉर्डावरून नजर फिरवली, एखाद्या खाटेमागून दुसरी सिस्टर निघेल अशी. निघायची कुठून? नीता सिस्टरला वरून हुकूम येऊन दुसऱ्या कुठल्या शिबिरावर पाठवलेलं. तिसरीची जागा रंजना आली तेव्हापासून रिकामीच. वॉर्डातली मावशी भाचीच्या लग्नाला गेलेली. वॉर्ड, बाळंतखोली, नवी बाळं, सगळ्यांना मिळून रंजना, आणि तीही आदल्या दिवसापासून घरी गेलेली नव्हती. "सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "मला उत्तर विचारू नका. जा."

काळीच्या पोरीचं काय करायचं म्हणून ठकी दुपट्यातलं बोचकं घेऊन गरगरत होती, तेव्हा पलीकडच्या खाटेवरून माघीनं हात पुढं केले. "आण हिकडं. माझ्या छातीला दोन पोरां जड नाय. ह्या माझ्या रेड्याला रोज पुरून उरतां, भिंतीवर उडतां." एवढ्यातही दोघी-तिघी हसल्या. माणसाचं हसू कुठून येतं ते देवालाच ठाऊक. रंजना स्ट्रेचरबरोबर तशीच वाकलेली चालू लागली, हात काळीच्या पोटावर. बाळंतखोलीच्या दारावरून जाताना आतून मंगळीनं कळ दाबत विचारलं, "सिस्टर, जातीस गो? येशील ना?"

"येते," रंजना म्हणाली.

अँब्युलन्स जगन चालवायचा. "सिस्टर, पुढं बसा म्हनलां असता, पन आज तुमचां मन मागं दिसतां," असं काहीतरी तो सवयीनं बोलून गेला आणि काळीचा चेहरा पाहिल्यावर त्यानं पुढचं गिळलं. मोखाड्याच्या रस्त्याला गाडी लागली. चैत्राचं ऊन, दोन्ही बाजूंना करपलेलं गवत, आणि खिडकीच्या फटीतून मोहाच्या फुलांचा गोडसर, डोक्यात चढणारा वास. त्या वासात रक्ताचा वास मिसळला की काय होतं ते रंजनाला आजवर ठाऊक नव्हतं. तिच्या तळहाताखाली ती पिशवी आवळायची, सैल व्हायची, पुन्हा आवळायची. सगळं जग तेवढ्या मुठीएवढ्या जागेत आलं होतं. आणि तरी तेवढ्याच जागेत ते मावत नव्हतं, कारण मागं बाळंतखोलीत मंगळी होती आणि हा हात तिच्यापासूनही काढूनच आणलेला होता. एक हात पुढं चालला होता आणि त्या हाताचं नसणं मागं राहिलं होतं. तिला वाटलं, आपण दोन ठिकाणी आहोत आणि दोन्ही ठिकाणी अर्ध्याच.

आपण झोपलो कशा? हा प्रश्न गाडीच्या प्रत्येक आचक्याला वर यायचा. झोपले नव्हते, बसले होते. पाय भरून आले म्हणून बसले. बसल्यावर डोळे मिटले असतील. मिटले असतील म्हणजे काय, मिटलेच. तिला साखरशेतचे आपले बाबा आठवले. ढवळूबाबा. खोडाळ्याच्या सप्ताहाला दरसाल जायचे, भात झोडून झालं की. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, हे तुम्हा-आम्हाला काय सांगावं. एकानं उभ्यानं धरायची, पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं, मगच हात सोडायचा. एका साली पुढचा पहारेकरी आलाच नाही. त्याचा बैल दरीत पडला होता म्हणे. ढवळूबाबा वीणा घेऊन उभेच. लहानगी रंजना खांबाला टेकून बघत होती. बाबांचे गुडघे थरथरताना धोतर हलायचं ते तिला दिसायचं. लोक म्हणाले, धन्य ढवळू, काय ती भक्ती! सगळ्यांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. पाया पडायला रांग लागली, पण कुणी वीणा घ्यायला पुढं झालं नाही. ज्याचा त्याचा पहारा ठरलेला. घरी येताना बाबा वाटेत बसले आणि म्हणाले, "पोरी, आज मी देवाला विसरलो होतो. मला नुसते माझे पाय आठवत होते." हे त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नाही. रंजनालाही आजवर ते इतकं ऐकू आलं नव्हतं. दवाखान्यात साहेब तपासणीला आले की तिला म्हणायचे, सिस्टर, तुम्ही एकट्या एवढं सांभाळता, तुम्ही देवी आहात. ती हसायची. देवी म्हणून झाल्यावर माणसं देवळातून जशी जातात तसे ते निघून जायचे.

मोखाडा मागं पडलं. काळीचे ओठ हलल्यासारखे झाले. "काळी, ए काळी, माझ्याकडं बघ. निजायचं नाही." आणि या शब्दावर रंजनाला सकाळ आठवली. सकाळी ठकीनं चारदा-पाचदा हाक मारली होती. सलाईनचं पाणी गळतं काय बघ, पोरीला उचकी लागलीय बघ, काळीला भाकरी देऊ काय. आणि एकदा, बाळंतखोलीतून मंगळीचं ओरडणं कानात असताना, रंजना तिच्यावर खेकसली होती : "मला किती हात आहेत, आये? सारखी सारखी हाक नको मारूस!" सगळ्या वॉर्डानं ऐकलं होतं. म्हणजे तेच. म्हणजे तिनंच त्यांची तोंडं बंद केली, आणि मग त्या तोंड बंद ठेवून बसल्या. हे असंच असलं तर निदान सरळ होतं. चूक आपली, पाप आपलं, देवापुढं उभं राहून सांगता येण्याजोगं. तोरंगणच्या घाटाची वळणं सुरू झाली, गाडी एका अंगावर कलली, आणि तोल सावरता सावरता तिनं विचारून टाकलं.

"आये, खरं सांग. मला भिऊन हाक मारली नाहीस ना? सकाळी मी ओरडले म्हणून?"

ठकी काळीचे तळपाय आपल्या मांडीवर घेऊन घासत होती. तिला प्रश्न कळलाच नाही आधी. मग म्हणाली, "तुला भ्याली? अगो, तू माझ्या धाकटीच्या वयाची. लेकरू ओरडलां तर काय भ्याचां?"

"मग?"

"आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात पानी कुठां हाय? खाली झऱ्यावर जावां, वाटीवाटीनं हंडा भरावा, त्यो डोक्यावर घिऊन डोंगर चढावा. चढून आलेली बाई उंबऱ्यात बसली ना, का तिला कोनी हाक मारत नाय. सासू नाय, नवरा नाय, तान्हा पोर रडला तरी दुसरी उचलती. तिनं आपून बोलला पाहिजे. तवर सगळां घर गप. बसलेल्या बाईला हाक मारू नये, पाप लागतां." ती थांबली. "सकाळधरून तुला पाह्यते मी. ही खाट, ती खाट, आतली खोली. तुझ्या डोक्यावरचा हंडा काय उतरत नव्हता. मग तू बसलीस. तवा मीच सगळ्यांना सांगितलां, गप ऱ्हावा. मीच गो."

ठकी पुढं बोलली, पायांकडं बघत. "काळी बोलली मला, आये, थंडी वाजते. म्या म्हनलां, सिस्टर आत्ताच बसलीय, दम धर, गोधडी घालते. तर ती म्हनली, हां, नको उठवू तिला. बसू दे." मग तिनं मान वर केली. "थंडी वाजते म्हंजे तां होतां काय, बाय? तवाच होतां काय?"

"हो," असं रंजना म्हणाली नाही. खोटंही तिच्या तोंडून आलं नाही. तिनं हात आणखी जोरानं चोळला. बायांनो, बापांनो, दयेची थोरवी आपण जन्मभर ऐकत आलो. दया करावी, दया हेच धर्माचं मूळ, त्यावर मीही मान डोलावली आहे. पण त्या घाटात रंजनाला जे कळलं ते मला कुठल्या व्यासपीठावर ऐकायला मिळालं नव्हतं : जिथं आणखी एक माणूस उभं असायला हवं होतं, तिथं त्या रिकाम्या जागी या गरीब बायांनी आपली दया उभी केली. त्यांच्याजवळ दुसरं काय होतं? आणि दयेला पोट चोळता येत नाही. शिव्या दिल्या असत्या, ओरडल्या असत्या, तिला गदागदा हलवून म्हणाल्या असत्या, ऊठ भवाने, तर काळीचं रक्त ओंजळभर गेलं असतं, इतकं नसतं गेलं. राग सोसता येतो. हे सोसायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ठकीनं आपल्या पदरानं ते पुसलं. तेही तिला सोसलं नाही.

नाशिकला मोठ्या दवाखान्यात माणसांचा लोंढा होता, पण आधीच फोन गेलेला, रक्त तयार होतं. तिथल्या एका सिस्टरनं शेजारी येऊन आपला हात रंजनाच्या हाताशेजारी ठेवला. "सोडा आता. मी धरलंय." रंजनानं सोडलं, पण बोटं उघडेनात. तशीच आकडलेली मूठ घेऊन ती बाहेर आली तर जगन फोन पुढं धरून उभा. डॉक्टर होते. "सिस्टर, मंगळीच्या बाळाचं डोकं आलंय, ठोके मंद झालेत. कुठं आहात?" मागं मंगळीचा आवाज ऐकू येत होता. कुठं आहात, याला रंजनाजवळ उत्तर एकच होतं, नाशिक.

निघायला हवं होतं. जाताना तिनं ठकीचे दोन्ही दंड धरले. "आये, ऐक. काळीला घाम आला, थंडी वाजली, कपडा भिजला, की हाक मारायची. इथल्या सिस्टर पळताना दिसतील, तरी मारायची. दमलेल्या दिसतील, तरी मारायची. एखादी बसलेली दिसली ना, तर तिला आधी मारायची."

"पाप लागंल गो."

"ते मला लागू दे."

परतीला जगननं गाडी जशी हाकली तशी पुन्हा कधी हाकली नसेल. त्र्यंबकाशी ब्रह्मगिरी दिसला तेव्हा त्यानं सवयीनं स्टिअरिंगवरून एक हात कपाळाला नेला; रंजनानंही नेला, तो अजून पुरता उघडला नव्हता. देवाकडं काय मागावं हे तिला ठरवता येईना. काळीचं मागितलं की मंगळी डोळ्यांपुढं यायची. आपल्या मागण्यातही आपण एकट्याच आणि माणसं दोन, असं तिला वाटलं. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. घाट उतरून मोखाड्याच्या अलीकडं अनोळखी नंबर वाजला, आणि त्यातून ठकी असं ओरडली की जगननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "बाय! मी हाक मारली! अशी मारली का सूर्यमाळवर ऐकू जावी! पुन्यांदा रक्त लागलां होतां गो. एक पोरगी टेबलावर डोकां टेकून बसली होती, तिलाच उठवली. समद्या पळत आल्या. थांबलां आता. काळीनं पानी मागितलां, पानी!" जगननं तिथंच हॉर्न वाजवला, लांबच लांब, देवळातल्या घंटेसारखा, आणि रानातून कुणाची तरी गुरं बिचकून पळाली. रंजना हसली. दिवसभरात पहिल्यांदा हसली. मग तिनं पुन्हा डॉक्टरांचा नंबर लावला.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टर हात धुवायच्या बेसिनपाशी उभे होते आणि नळ वाहत होता, पण ते हात धूत नव्हते. रंजनाला पाहून त्यांनी नळ बंद केला. "मुलगी होती," ते म्हणाले. "रडली नाही. मी तोंडावर रबरी पिशवी धरून श्वास देत होतो. लागत होता, सिस्टर. गुलाबी व्हायला लागली होती. तेवढ्यात मंगळीचं रक्त सुरू झालं. मी हाका मारल्या. माघी आली धावत, पण तिला काय ठाऊक? मग मी..." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "मी हात काढला. आईकडं गेलो. परत आलो तोवर..." तो पोरगा रडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उभा राहिला, आणि रंजनानं आपल्या आकडलेल्या हातानं त्याच्या खांद्याला धरलं, कारण तिथं त्या दोघांपलीकडं खांद्याला धरायला कुणी नव्हतं.

मंगळी जागी होती. तिच्या शेजारी हिरव्या कापडात गुंडाळलेलं काही होतं, आणि त्यावर तिचा हात होता.

"आलीस, सिस्टर?"

"आले गं."

"काळी?"

रंजनानं मान डोलावली, वाचली म्हणून.

"बरां झालां," मंगळी म्हणाली, आणि खरंच मनापासून म्हणाली. मग तोंड भिंतीकडं फिरवलं. रंजना खाटेच्या कडेला बसली. मागं माघीच्या मांडीवर काळीची पोर भुकेनं रडायला लागली होती, आणि वॉर्डातलं कुणीही तिला गप्प करत नव्हतं.

इथं माझी गोष्ट थांबते. आता मागणं एकच. आमच्या या मुलखात पोर ज्या वाराला येतं त्या वाराचंच नाव पुष्कळदा त्याला पडतं; मंगळवारी आलेली मंगळी, तशी. त्या दिवशी बुधवार होता. काळीच्या पोरीला पाचव्या दिवशी बुधी म्हणाले. आज ती सूर्यमाळला रांगते, बुधी म्हणून हाक मारली की मान वळवून बघते. त्याच वाराला, त्याच छपराखाली आणखी एक आली होती. तिचा पाचवा दिवस आला नाही, म्हणून तिला नाव पडलं नाही, आणि नाव नाही म्हणून तिला कुणी हाक मारत नाही. तुम्ही घरी जाल, देवापुढं दिवा लावाल. ज्यांची नावं घ्यायची त्यांची घ्या. मग घटकाभर थांबून, मंगळीची ती बुधीही आठवा.